रॉकेट लाँचर : गडचिरोलीतले समज आणि वस्तुस्थिती

“नक्षल्यांनी रॉकेट लाँचरनं गाडी उडवली.” चंद्रपूर-गडचिरोलीत हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं, की ते तपासून पाहायच्या भानगडीत कोणी पडत नाही. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ १५ पोलीस जवान आणि गाडीचा चालक मारले गेले, तो स्फोट रस्त्याखालून झाला होता. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली होती. तिकडे निघालेल्या जवानांच्या वाटेत सुरुंग पेरलेला होता. खांद्यावरून कोणी काही डागलं नव्हतं.

नक्षल्यांकडे असतो तो बहुधा ‘बीजीएल’: नळीतून गोळा फेकणारा देशी जुगाड. त्याच्या किरच्या माणसाचा जीव घेतात, पण जाड चिलखत भेदायची त्याची रचनाच नसते. ऑक्टोबर २०२५मध्ये नक्षली नेता भूपतीने साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा त्यांत नाव घेण्यासारख्या होत्या त्या एके-४७ आणि इन्सास रायफली.

मग खरा रॉकेट लाँचर, म्हणजे खांद्यावरचं रणगाडाविरोधी शस्त्र, काय करतं? मोठा धमाका करून रणगाडा उडवतं, हा दुसरा समज. धमाका त्या मानाने छोटाच असतो. गोळ्यातल्या स्फोटकाला पुढच्या बाजूने नरसाळ्यासारखी पोकळी असते आणि तिला तांब्याच्या पातळ पत्र्याचं अस्तर. स्फोट झाला की हे अस्तर दबून आत मिटतं आणि त्याची बारीक धार सेकंदाला काही किलोमीटर वेगाने पुढे सुटते. धारेच्या टोकाचा वेग आठ किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. पोलाद वितळून भोक पडतं असं शिकलेली माणसंही सांगतात. प्रत्यक्षात त्या अफाट दाबापुढे पोलाद बाजूला सरकतं. धार नीट बनायला स्फोट चिलखतापासून ठराविक अंतरावर व्हावा लागतो. स्फोटक भरताना आत पोकळी राहिली तरी धार वाकडी जाते, म्हणून अशा गोळ्याची सगळी करामत भरणीत आहे.

भरणी म्हटलं की चंद्रपूर जिल्ह्यातली भद्रावती आठवते. तिथली आयुध निर्माणी ‘रॉकेट लाँचर बनवते’ असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. ती मुळात दारूगोळा भरणारी निर्माणी. २०२१पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. भारतीय लष्कराचा खांद्यावरचा ८४ मिलिमीटरचा ‘आरएल’, म्हणजे मूळचा स्वीडनचा कार्ल गुस्ताफ, त्याची नळी तयार होते तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला. महाराष्ट्राचा या शस्त्रांशी आणखी एक संबंध आहे तो नगरचा (आताचं अहिल्यानगर). डीआरडीओच्या, जवानाला वाहून नेता येणाऱ्या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राच्या चाचण्या सप्टेंबर २०१८मध्ये तिथल्याच चाचणी क्षेत्रावर झाल्या.

खांद्यावरच्या लाँचरबद्दल आणखी एक समज: “धक्का बसत नाही, म्हणजे चालवायला सोपं.” हे अर्धंच खरं. धक्का बसत नाही, कारण तेवढाच जोर मागच्या तोंडातून आगीच्या झोताने बाहेर पडतो. मागे कोणी उभं असेल तर त्याची धडगत नाही. उन्हाळ्यात सागाची वाळकी पानं पडलेल्या रानात, बांबूच्या बेटात, हा झोत सोडायचा कुठे? वर गोळा वाटेतल्या फांदीवर आदळण्याची भीती. हे मोकळ्या माळाचं शस्त्र आहे, घनदाट जंगलाचं नव्हे.

“जवानांना जाड पत्र्याच्या गाड्या द्या, प्रश्न मिटला,” असंही ऐकू येतं. सुरुंगरोधक गाडीचा तळ ‘व्ही’ आकाराचा असतो, तो स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना वळवतो. पण स्फोटकं पुरेशी असली तर तीही उलटते. २००५मध्ये शेजारच्या छत्तीसगडमधल्या बिजापूरकडे अशीच गाडी उडवली गेली होती. १९९०मध्ये उभं राहिलेलं गडचिरोली पोलिसांचं सी-६० पथक जंगलात मैलोन्‌मैल पायी चालतं, त्यामागे हा हिशेब आहे.

शेवटचा समज सगळ्यांत घातक: न फुटलेला गोळा फुसका असतो. खोक्यातल्या गोळ्याचं फ्यूज सहसा बंद असतं, डागल्यावर ते चालू होतं. म्हणजे जमिनीवर पडलेला गोळा खोक्यातल्यापेक्षा जास्त धोक्याचा. तेंदूपत्ता तोडताना किंवा मोहफुलं वेचताना असं काही दिसलं तर काठीनेही ढोसू नका, भंगारात विकायला उचलू नका. जागा लक्षात ठेवा, आल्या पावली परत फिरा, पोलीस पाटलाला सांगा किंवा ११२ लावा.