रात्रपाळीचा गडी

आमच्या हिवरे बाजारला पाऊस मोजतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावाने पाणी अडविले आणि पुढे पाण्याचा ताळेबंदही मांडू लागले. पावसाळा संपला की झालेला पाऊस पाहून ग्रामसभेत पिके ठरतात. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी, मग शेती. हा सारा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे. नोंद वेळच्या वेळी झाली पाहिजे.

संगणकातही असाच वेळेचा पक्का गडी असतो. त्याचे नाव क्रॉन. युनिक्स ही संगणकप्रणाली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९६९ साली जन्मली. तिच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत क्रॉन होता, आणि तिच्याच वळणावर बेतलेल्या लिनक्सवर तो आजही राबतो. दर मिनिटाला तो जागा होतो, आपली यादी पाहतो आणि वेळ झालेले काम सुरू करतो. जुन्या फायली काढून टाकणे, नोंदींची दुसरी प्रत ठेवणे ही कामे माणूस विसरतो. क्रॉन विसरत नाही.

यादीच्या प्रत्येक ओळीत आधी पाच रकाने असतात : मिनिट, तास, तारीख, महिना व वार. शेवटी कामाचा हुकूम. '० २ * * *' म्हणजे रोज रात्री दोन वाजता. चांदणी म्हणजे 'कोणतेही चालेल'. एक मेख मात्र आहे. तारीख १ आणि वार सोमवार असे दोन्ही भरले, तर '१ तारखेला सोमवार आल्यास' असा अर्थ होत नाही. दर १ तारखेलाही काम होते आणि दर सोमवारीही!

मी वहीतील पावसाच्या नोंदी मामाने दिलेल्या जुन्या संगणकावर उतरविल्या आणि रात्री दोनला त्यांची प्रत पेनड्राइव्हवर ठेवण्याचे काम क्रॉनला सांगितले. दोन महिन्यांनी डिस्क बिघडली. पाहतो तो पेनड्राइव्ह रिकामा! शाळेची पायरी न चढलेली आई म्हणाली, "आरं, तूच यंत्र बंद करून झोपतोस, मग ते दोन वाजता कसं उठंल?"

चूक तीच होती. यंत्र बंद असताना हुकलेले काम क्रॉन मागाहून करीत नाही. त्यासाठी अ‍ॅनाक्रॉन असतो. यंत्र सुरू झाल्यावर राहिलेले रोजचे काम तो उरकतो.

वही होती म्हणून नोंदी वाचल्या. त्या मी पुन्हा उतरविल्या. आता दर रविवारी प्रत उघडून पाहतो. गडी कितीही इमानी असला, तरी बांधावर एक फेरी मालकाला मारावीच लागते.