चित्रफितीसह सादरीकरण: एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ करीत असत. काचांवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखवावयाची, ही त्या खेळाची युक्ती होती. खेळ परगावी न्यावयाचा झाला, तर कंदील आणि काचा पेटीत भरल्या की काम झाले. पेटीत जे होते तेच पडद्यावर दिसणार, याविषयी संशयाला जागा नव्हती. एखादी काच फुटलीच, तर ती फुटलेली डोळ्यांना दिसे.

आजच्या व्याख्यात्याची पेटी बोटाएवढी झाली आहे. तिच्यात शंभर स्लाइडे आणि पाच-सहा चित्रफिती सहज मावतात. परंतु पेटीत नेमके काय आले आणि काय घरीच राहिले, हे पाहून सांगता येत नाही.

समजा, एका शाळेतील शिक्षिकेने कढीपत्त्याच्या झाडावरील सुरवंटाची वाढ तीन आठवडे चित्रित केली आहे. सुरवंट कात टाकतो, कोष करतो, आणि एके दिवशी सकाळी कोष उकलून फुलपाखरू बाहेर येते. या क्षणाची दीड मिनिटाची चित्रफीत त्यांनी आपल्या सादरीकरणात बसविली. घरच्या संगणकावर ती उत्तम चालली. मग सादरीकरणाची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेऊन, जागा मोकळी व्हावी म्हणून त्यांनी मूळ चित्रफीत संगणकातून काढून टाकली. ती सादरीकरणात आहेच, असा त्यांचा समज होता. तालुक्याच्या विज्ञानप्रदर्शनात स्लाइड उघडली. कोषाचे चित्रही आपल्या जागी दिसले. मात्र कळ दाबल्यावर ते हलले नाही. चित्रफीत त्या फाइलीत कधीच नव्हती. आणि आता ती कोठेच नव्हती.

असे होण्याचे कारण समजून घ्यावयाचे, तर सादरीकरणाची फाइल कशी बनते हे पाहिले पाहिजे. पॉवरपॉइंट हा कार्यक्रम १९८७ साली प्रथम मॅकिंटॉश संगणकांसाठी निघाला. पुढे कित्येक वर्षे त्यात चित्रफीत घातली म्हणजे प्रत्यक्षात तिचा केवळ पत्ता लिहिला जाई: अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक नावाची फाइल. स्लाइड दाखविताना कार्यक्रम त्या पत्त्यावर जाऊन चित्रफीत आणी. दुसऱ्या संगणकावर तो पत्ता अस्तित्वातच नसे. २०१० च्या आवृत्तीपासून ही रीत बदलली आणि चित्रफीत मुळातच फाइलीच्या पोटात साठविली जाऊ लागली. तथापि केवळ पत्ता ठेवण्याचा पर्याय आजही कायम आहे. फाइल फार फुगू नये म्हणून पुष्कळ लोक तो जाणूनबुजून निवडतात, तर काही जण नकळत. लिब्रेऑफिसच्या इंप्रेस या मुक्त कार्यक्रमातही चित्रफीत घालताना हा पर्याय पुढे येतो. यातील फसवी गोष्ट अशी की, पत्ता ठेवला तरी चित्रफितीचे एक स्थिर चित्र फाइलीत जपलेले असते. त्यामुळे स्लाइड पाहणाऱ्याला सर्व काही जागच्या जागी आहे असे वाटते.

चित्रफीत आत आहे की नाही, याचा निवाडा करण्याची एक सोपी युक्ती आहे. २००७ नंतरची पॉवरपॉइंटची फाइल ही वस्तुतः झिप पद्धतीने बांधलेले गाठोडे असते. तिची एक प्रत काढून त्या प्रतीच्या नावाच्या शेवटी असलेले ‘पीपीटीएक्स’ बदलून ‘झिप’ करावे आणि गाठोडे सोडावे. आत ‘पीपीटी’ नावाचे फोल्डर व त्यात ‘मीडिया’ नावाचे फोल्डर दिसेल. चित्रफीत तेथे असेल, तर ती प्रवासाला निघाली आहे. तेथे केवळ चित्रेच असतील, तर पत्ताच तेवढा निघाला आहे. फाइलीचा आकार पाहूनही अंदाज बांधता येतो. पाच मिनिटांची चित्रफीत पोटात घेतलेली फाइल दहा-वीस लाख बाइटांत बसणे शक्य नाही.

पत्ता ठेवणेच सोयीचे असेल, तर सादरीकरण आणि सर्व चित्रफिती प्रथम एकाच फोल्डरात ठेवाव्यात, नंतर त्या स्लाइडांत घालाव्यात, आणि प्रवासाला ते फोल्डर संपूर्ण न्यावे. क्रम महत्त्वाचा आहे. आधी घालून मग फाइली हलविल्यास जुना पत्ता तसाच राहतो.

येथवर केवळ पत्त्याची गोष्ट झाली. चित्रफीत बरोबर आली तरी ती चालेलच असे नाही, आणि याचे कारण अधिक खोल आहे. पडद्यावरील एका चित्रात आडवे १९२० व उभे १०८० ठिपके धरले, तर एकूण २०,७३,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास ३ बाइट लागतात. म्हणजे एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट. सेकंदाला अशी २५ चित्रे दाखवावयाची, तर एका मिनिटाला ९३३ कोटी बाइट होतात. ४७० कोटी बाइट मावणाऱ्या दोन डीव्हीडी तबकड्या एका मिनिटाने जवळजवळ भरून जातील. असा बोजा वाहून नेणे अशक्यप्राय आहे. म्हणून चित्रफीत आवळून लिहितात. कोष टांगलेली फांदी क्षणोक्षणी तीच असते. ती दर वेळी पुन्हा लिहिण्याऐवजी ‘मागीलप्रमाणेच’ अशी नोंद करतात आणि जेवढे हलले तेवढेच नव्याने लिहितात. जे बारकावे डोळ्याला सहसा जाणवत नाहीत, ते गाळतात. अशा रीतीने तेच मिनिट सुमारे ६ कोटी बाइटांत उत्तम प्रकारे बसते.

परंतु ही आवळण्याची लिपी एकच नाही. २००३ साली ठरलेली एच.२६४ ही लिपी आज जवळजवळ सर्व संगणकांना वाचता येते. तिच्यानंतर २०१३ साली एच.२६५ ही अधिक आटोपशीर लिपी आली आणि २०१७ पासून आयफोनसारखे फोन चित्रण तिच्यातच लिहू लागले. फोनवर ती चित्रफीत झकास दिसते. पण शाळेच्या विंडोज संगणकाला ही लिपी वाचणारा भाग वेगळा बसवावा लागतो. लिनक्स प्रणालीच्या काही प्रकारांत तर एच.२६४ चा वाचकही मुळात नसतो, कारण या लिप्यांवर पेटंटांचे हक्क आहेत. केरळातील सरकारी शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारली आहे. तेव्हा तिरुवनंतपुरमचा पाहुणा पुण्यात व्याख्यानास आला किंवा पुण्याचा तिकडे गेला, तर हा प्रश्न कल्पनेतला राहत नाही.

फाइलीच्या नावाचे शेपूट पाहून लिपी ओळखता येईल, असे मात्र कोणी समजू नये. ‘एमपी४’, ‘एव्हीआय’, ‘एमओव्ही’ ही डब्यांची नावे आहेत. डब्यावरील नाव वाचून आत लाडू आहेत की चकली हे कळत नाही, तसेच हे आहे. शेपूट बदलल्याने आतील लिपी बदलत नाही. फार तर संगणकाची दिशाभूल होते. लक्षणांवरून निदान अधिक चांगले करता येते. आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, तेव्हा बहुधा चित्राची लिपी वाचता आलेली नसते. काहीच न होता फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो, तेव्हा दोष पत्त्याचा असतो.

यावर रामबाण नाही, पण खात्रीच्या जवळ नेणारा उपाय आहे. चित्रफीत एमपी४ डब्यात, चित्र एच.२६४ लिपीत आणि आवाज एएसी लिपीत, अशी करून घ्यावी. हे रूपांतर करणारे विनामूल्य कार्यक्रम उपलब्ध आहेत. पॉवरपॉइंटच्या विंडोजवरील आवृत्तीत ‘फाइल’ या विभागातील ‘इन्फो’ पानावर माध्यमांची अनुकूलता वाढविण्याची सोय आढळते. तिचाही उपयोग होतो. फाइल पाठविताना आणखी एक सावधगिरी हवी. व्हॉट्सअॅपवरून चित्रफीत म्हणून पाठविलेली चित्रफीत वाटेत पुन्हा आवळली जाते आणि सुरवंटाच्या अंगावरील केस पुसट होतात. तीच फाइल दस्तऐवज म्हणून पाठविली तर जशीच्या तशी पोहोचते.

इंटरनेटवरील स्लाइडांचा मार्ग या अडचणींतून सोडवील असे वाटते, आणि काही अंशी तो सोडवितोही. पण तेथेही चित्रफीत पत्त्यानेच जोडलेली असते. सादरीकरण पाहण्याची परवानगी दिली म्हणून गुगल ड्राइव्हवरील चित्रफितीची परवानगी आपोआप मिळत नाही. ती वेगळी द्यावी लागते. शिवाय सभागृहात जोडणी नसेल, तर सर्वच खुंटते.

मराठी व्याख्यात्याला आणखी एक जुने दुखणे आहे. पूर्वीच्या अनेक देवनागरी टंकांत मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेली असत. तो टंक दुसऱ्या संगणकावर नसला, की ‘फुलपाखरू’ या शब्दाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे, ‘क’चा २३२५. युनिकोडात लिहिलेला मजकूर टंक बदलला तरी मराठीच राहतो; फार तर ओळी थोड्या खालीवर सरकतात. जुन्या टंकांतील स्लाइडे म्हणूनच वेळीच युनिकोडात आणून ठेवणे बरे.

प्रयाणापूर्वी चाचणी घ्यावयाची ती आपल्या संगणकावर नव्हे. ज्यावर ते सादरीकरण कधी उघडलेले नाही असा संगणक शोधावा, इंटरनेटची जोडणी काढावी, पेनड्राइव्ह लावावा आणि प्रत्येक चित्रफीत आरंभापासून शेवटपर्यंत आवाजासह चालवून पाहावी. दुसरा संगणक मिळत नसेल, तर आपल्याच संगणकावरील चित्रफितींच्या फोल्डराचे नाव तात्पुरते बदलून मग पेनड्राइव्हवरील प्रत उघडावी. जुने पत्ते असतील तर ते लगेच उघडे पडतात. चित्रफितींच्या मूळ फाइली पेनड्राइव्हवर सुट्याही ठेवाव्यात, म्हणजे स्लाइड अडली तरी चित्रफीत स्वतंत्रपणे दाखविता येते. फोनमधील किंवा घरच्या संगणकावरील मूळ चित्रण मात्र प्रदर्शन पार पडून परत येईपर्यंत, आणि त्यानंतरही, पुसू नये.