खेळाडू देशाचा, झीज घरची

दिवाळीला नंदुरबारला बहिणीकडे गेलो, तर ऐन फराळाच्या वेळी भाचा संगणकापुढे तोंड पाडून बसलेला! चकलीलासुद्धा हात लावीना.

"काय रे, झाले तरी काय?"

"मामा, आमचा संघ पुन्हा हरला."

"मग गडी बदल की!"

"कसा बदलू? त्या सतरा वर्षांच्या पोराला मी देशासाठी तयार करतोय!"

भानगड अशी, की १९९७ साली स्वीडनमध्ये निघालेल्या 'हॅट्रिक' या फुटबॉलच्या खेळात जो तो घरबसल्या एका संघाचा मालक होतो. तिथले वर्ष अवघे ११२ दिवसांचे. वय कोवळे असेतो सराव लवकर अंगी लागतो. पण त्यासाठी पोराला सामन्यात योग्य जागी उतरवावे लागते. एकवीस वर्षांपर्यंतच्या खेळाडूंचा राष्ट्रीय संघही असतो. त्याचा मार्गदर्शक मतदानाने निवडतात. मात्र खेळाडू घडवणे मालकांच्याच हाती. कच्चे पोर खेळवावे, तर सामना जातो. मुरलेला गडी खेळवावा, तर पोराचे वय निघून जाते.

मला आधी हसू आले. मग वाटले, खऱ्या मैदानावर तरी दुसरे काय घडते? नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत नाशिकला विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तयार झाली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून तिने कांस्यपदक मिळवले, तर त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. आपल्या नंदुरबार जिल्ह्याचा किसन तडवीही नाशिकलाच राहून लांब पल्ल्याचा धावपटू झाला.

पदक मिळाले की ते साऱ्या देशाचे होते. पण डोंगरातले पोर सरावासाठी शहरात गेले, की शेतावरचे दोन हात कमी होतात, ते घरच्यांना. संगणकातल्या खेळाडूचे गुण आकड्यांत दिसतात. सातपुड्यातल्या आईबापांना कोण आकडे दाखवणार? पोर पुढे चमकेल की नाही, हे ठाऊक नसताना त्यांनी त्याला धाडायचे. भाच्याचा गेलेला सामना पुढच्या आठवड्यात भरून निघेल. त्यांचा गेलेला हंगाम परत यायचा नाही.

एवढ्यात बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "दादा, तूच समजाव रे त्याला. नुसता हरत बसलाय!"

मी म्हटले, "हरू दे गं थोडे दिवस. दुसऱ्यासाठी हरायला शिकतोय तो."