कोडची प्रिंट काढताय? पान कुठे तुटणार ते तुम्हीच ठरवा

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला दिवाळीच्या सुट्टीत गावी, नांदूरघाटला आलो होतो. प्रोजेक्टच्या कोडची प्रिंट जोडायची होती. नोटपॅड प्लस प्लसमधून कोड एचटीएमएलमध्ये एक्स्पोर्ट केला, पेनड्राइव्ह झेरॉक्सवाल्याला दिला आणि हातात भलताच गठ्ठा आला. लॉगिनचं फंक्शन एका पानावर, त्याचा शेवटचा कंस पुढच्या पानाच्या डोक्यावर एकटाच. दुसरी फाइल पहिलीच्या शेपटीला चिकटलेली. सरांनी दोन पानं उलटली आणि फाइल परत दिली. प्रिंटचे पैसे पुन्हा!

चूक दुकानदाराची नव्हती. वेब पेजला स्क्रीनवर पान नसतंच, एक लांबलचक पट्टी असते. प्रिंट करताना ब्राउझर तिचे ए-फोर कागदाएवढे, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटरचे तुकडे करतो. फंक्शन कुठे संपलं हे त्याला कळत नाही. ते आपण सीएसएसमधून सांगायचं असतं.

त्यासाठी 'पेज-ब्रेक-बिफोर' ही सूचना १९९८ च्या सीएसएस २ पासून आहे. आता तिच्या जागी 'ब्रेक-बिफोर' वापरतात (जुनीही अजून चालते). प्रत्येक फाइलच्या नावाला एच-टू हेडिंग करा आणि एच-टूला 'ब्रेक-बिफोर: पेज' लावा, म्हणजे प्रत्येक फाइल नव्या पानावर सुरू होईल. फंक्शन मध्येच तुटू नये म्हणून 'ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड'. फाइलमध्ये हे सगळं अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं.

इथेच माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. सूचना लिहिली, पण प्रिंट प्रिव्ह्यूत काहीच बदलेना. कारण एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये सगळा कोड एकाच मोठ्या डब्यात असतो आणि रंगांसाठी आत नुसते स्पॅन असतात. स्पॅन म्हणजे ओळीतला तुकडा. त्याला पेज ब्रेक लावला तरी ब्राउझर लक्ष देत नाही, त्याला ब्लॉक लागतो. म्हणून फंक्शन संपलं की प्री टॅग बंद करायचा आणि पुढच्या फंक्शनला नवा प्री उघडायचा. काही टूल सगळ्या कोडभोवतीच्या डिव्हला 'फ्लोट' लावतात, तेही काढून टाका. ते असलं की पेज ब्रेकचा भरवसा नाही.

फंक्शनच पानापेक्षा मोठं असेल तर 'अव्हॉइड' लावूनही ते तुटणारच. खरं सांगायचं तर तेवढं मोठं फंक्शन तसंही फोडायलाच हवं.

लांब ओळी उजवीकडे कापल्या जात असतील तर प्रीला 'व्हाइट-स्पेस: प्री-रॅप' द्या. आणि डार्क थीममध्ये एक्स्पोर्ट करू नका. क्रोम प्रिंटमध्ये मागचा काळा रंग आपोआप गाळतो, मग कागदावर ते स्क्रीनसारखं दिसत नाही.

लॅपटॉप नसला तरी हे जमतं. फाइल मोबाइलवर कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये बदला, क्रोममध्ये उघडा, मेन्यूतून शेअर, मग प्रिंट, आणि प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडा. प्रत्येक पानाचा शेवट तिथेच बघून घ्या. दुकानात एचटीएमएल नाही, ही पीडीएफच द्या. तिथल्या कंप्युटरवर फॉन्ट वेगळा निघाला की एचटीएमएलची पानं पुन्हा सरकतात.