मंगनीची अंगठी घेताना

मंगनी ठरली की नाशिकमध्ये घरच्यांची पावलं सराफ बाजाराकडे वळतात. दुकानाची पायरी चढण्याआधी घरात बसून तीन गोष्टी ठरवाव्यात.

पहिली, मुलाची अंगठी. पुरुषाला सोनं हराम, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी मान म्हणून मुलीच्या वालिदांकडून सोन्याचीच अंगठी मागितली जाते. रसूलुल्लाह (स.) यांची अंगठी चांदीची होती. हनफी मसलकात पुरुषाची चांदीची अंगठी एक मिस्काल, म्हणजे सुमारे ४.३७ ग्रॅमपेक्षा कमी वजनाची असावी, असं सांगितलं आहे. तेवढ्यात खर्चही आटोक्यात राहतो.

दुसरी, मुलीची अंगठी. तिला सोनं जायज आहे, पण खरेपणा तपासा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कसोबत सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी नंबर लागतो. बावीस कॅरेटवर ९१६ असतं. हा नंबर 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघा. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. तिथे जास्त जपून घ्या. खड्याचं वजन सोन्यात धरू देऊ नका. घडणावळ वेगळी दाखवलेलं पक्कं बिल मागा.

तिसरी, ही अंगठी हदिया की मेहरचा भाग? दोन्ही घरांनी आधीच बोलून लिहून ठेवावं. मंगनी मोडली तर भांडण इथूनच पेटतं.

मंगनी म्हणजे निकाहचा वादा. त्यासाठी अंगठी ही शर्त नाही. म्हणून कर्ज काढून अंगठी घेऊ नका, समोरच्यालाही काढायला लावू नका.