विश्लेषण : गाणी ऐकता ऐकता वेल्श भाषा शिकता येते का?

कतारमधील २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी वेल्सचा संघ पात्र ठरला, तो १९५८ नंतर प्रथमच. संघाचे अधिकृत गीत होते १९८३ मधले, दाविद इवान यांचे 'अमा ओ हीड', म्हणजे 'अजूनही इथेच'. स्टेडियममध्ये ते गाणाऱ्या सगळ्यांनाच वेल्श बोलता येत होते असे नाही. मग गाण्यातून भाषा येते का?

हा प्रश्न महत्त्वाचा का?
२०११ च्या जनगणनेत वेल्समध्ये ५ लाख ६२ हजार जणांनी वेल्श येत असल्याचे सांगितले होते. २०२१ मध्ये हा आकडा ५ लाख ३८ हजारांवर, म्हणजे १७.८ टक्क्यांवर आला. तेथील सरकारला २०५० पर्यंत १० लाख भाषिक हवे आहेत. त्यासाठी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील लोकांनीही वेल्श शिकणे गरजेचे आहे.

संगीताचा यात वाटा काय?
१९६२ मध्ये साहित्यिक सॉन्डर्स लुईस यांनी भाषेच्या भवितव्यावर रेडिओवर भाषण दिले आणि त्यातून भाषा चळवळ उभी राहिली. वेल्श रस्ताफलकांच्या आंदोलनात दाविद इवान १९७० मध्ये तुरुंगात गेले. त्याआधी वर्षभरच त्यांनी सहकाऱ्यांसह 'साइन' ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली होती. पुढे 'बॉब डेलिन आर एबिलियन'सारख्या बँडने लोकसंगीत आणि रॉक एकत्र आणले. या बँडचे गायक टूम मॉरिस हे नावाजलेले कवीही आहेत.

शिकताना गाणी नेमकी कुठे उपयोगी पडतात?
वेल्शची खरी अडचण म्हणजे शब्दाचे पहिले अक्षर बदलते. मराठीत 'घोडा'चे 'घोड्याला' होते, बदल शेवटी होतो. वेल्शमध्ये तो सुरुवातीला होतो. वेल्स देशाला 'कम्री' म्हणतात. पण 'वेल्सला' म्हणताना 'गम्री', 'आणि वेल्स' म्हणताना 'खम्री' आणि 'वेल्समध्ये' म्हणताना 'ङ्हम्री'. शब्दकोशात 'गम्री' शोधून सापडत नाही. नियम पाठ करून बोलताना अडखळायला होते. गाण्यात मात्र पूर्ण शब्दसमूह चालीसकट कानात बसतो आणि बदललेले रूप सवयीचे होते. जीभ 'ल'च्या जागी ठेवून बाजूने हवा सोडण्याचा खास वेल्श उच्चारही ऐकून, म्हणूनच जमतो.

मर्यादा कोणत्या?
गाण्यात शब्द आखडतात, कवितेची रूपे येतात. शिवाय बोलीही वेगळ्या. 'आता'साठी दक्षिणेत 'नाउर', तर उत्तरेत 'रूआन' म्हणतात. गंमत म्हणजे वेल्श लिपीत हे दोन्ही शब्द एकमेकांचे उलटे आहेत. त्यामुळे बँड कुठला आहे, हे माहीत असलेले बरे.

मग सुरुवात कशी करावी?
एक गाणे निवडा. आधी नुसते ऐका, मग शब्द समोर ठेवून ऐका. कुठे पहिले अक्षर बदलले ते शोधा आणि एक कडवे स्वतः म्हणा. वेल्श बरीचशी जशी लिहितात तशीच वाचतात, त्यामुळे अक्षरांचे उच्चार कळले की वाचन लवकर जमते. पुढची पायरी मात्र गाण्याबाहेरची आहे : त्याच कडव्यातील शब्द वापरून कुणाशी तरी दोन वाक्ये बोलायची. जनगणनेत मोजले जातात ते भाषा येणारे. नुसते गाणे पाठ असलेले नव्हेत.