ब्लॉगची कमाई आणि तज्ज्ञांचे सल्ले : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘नोकरी सांभाळून ब्लॉग लिहा, महिन्याला लाखभर कमवा’ असं सांगणारे वेबिनार आता मराठीतही होतात. हे सल्ले सरसकट खोटे नसतात. ब्लॉगमधून पैसा मिळतो आणि काहींना भरपूर मिळतो. पण सल्ला देणाऱ्याला तो कशातून मिळतो, हे ऐकणाऱ्याने विचारलंच पाहिजे.

गैरसमज : ज्याने कमावलं, त्याची वाट आपल्यालाही चालेल.

पॅट फ्लिन या अमेरिकन ब्लॉगरचं नाव या क्षेत्रात आदराने घेतलं जातं. २००८च्या मंदीत त्याची वास्तुरचना कंपनीतली नोकरी गेली. पर्यावरणपूरक इमारतींसंबंधीच्या ‘लीड’ परीक्षेचा त्याने अभ्यास केला होता आणि त्या टिपणांचं संकेतस्थळही चालवत होता. त्याच टिपणांचं ई-पुस्तक त्याने विकायला काढलं आणि ऑक्टोबर २००८मध्ये, पहिल्याच महिन्यात, सुमारे ७,९०० डॉलरची विक्री झाली. विषय अगदी अरुंद होता, पण वाचकाला परीक्षा पास व्हायची होती आणि त्यासाठी तो पैसे मोजायला तयार होता.

पुढे त्याने ‘स्मार्ट पॅसिव्ह इन्कम’ हा ब्लॉग सुरू केला आणि अनेक वर्षं दर महिन्याचा जमाखर्च जाहीर केला. जगभरच्या नव्या ब्लॉगरांनी तो हिशेब प्रेरणा म्हणून वाचला. तो नीट वाचला तर वेगळंच दिसतं. मिळकतीचा मोठा वाटा होस्टिंग, म्हणजे ब्लॉगसाठी सर्व्हरवरची जागा, विकणाऱ्या कंपनीकडून मिळणाऱ्या कमिशनचा होता, नंतर त्यात त्याच्या स्वतःच्या कोर्सेसची भर पडली. म्हणजे ब्लॉग सुरू करू पाहणारे लोक हेच त्याचे ग्राहक होते. फ्लिनने हे कधी लपवलं नाही, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. मात्र स्वयंपाक, शेती किंवा गडकिल्ल्यांवर लिहिणाऱ्याला असा ग्राहक मिळत नाही. त्याचा वाचक होस्टिंग विकत घ्यायला आलेला नसतो. म्हणून ब्लॉगिंग शिकवून मिळालेली कमाई हा ब्लॉगिंगमधल्या कमाईचा पुरावा मानू नये.

गैरसमज : स्क्रीनशॉट दाखवला म्हणजे कमाई सिद्ध झाली.

ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचे आकडे मिनिटभरात बदलता येतात. स्क्रीनशॉट खरा असला, तरी तो बहुतेकदा एका चांगल्या महिन्याचा असतो आणि जाहिराती, लेखकांचं मानधन, सॉफ्टवेअर यांवरचा खर्च त्यात दिसत नाही.

गैरसमज : वाचक वाढले की पैसा आपोआप वाढतो.

वाचक कोणत्या देशातला आहे, लेखाचा विषय काय आणि त्या भाषेत जाहिरात द्यायला किती कंपन्या उत्सुक आहेत, यावर जाहिरातीचा दर ठरतो. अमेरिकेतल्या विम्यावरच्या लेखाला आणि मराठी कवितेवरच्या लेखाला तेवढेच वाचक मिळाले, तरी उत्पन्न सारखं नसतं. ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणाऱ्या गूगलच्या अ‍ॅडसेन्सने हिंदीला डिसेंबर २०१४मध्ये दार उघडलं. मराठीला त्यानंतरही वाट पाहावी लागली. इंग्रजी ब्लॉगवरून काढलेलं गणित म्हणूनच मराठी ब्लॉगला तसंच्या तसं लावता येत नाही. शिवाय खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय अ‍ॅडसेन्स पैसे पाठवत नाही आणि लहान ब्लॉगला तिथवर पोचायला कित्येक महिने लागू शकतात.

गैरसमज : चांगला सल्ला जुना होत नाही.

लेखनाबद्दलचा सल्ला टिकतो, पैशाबद्दलचा फार लवकर शिळा होतो. एप्रिल २०२०मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत, ब्लॉगवरच्या दुव्यातून झालेल्या विक्रीसाठी ब्लॉगरला मिळणारं फर्निचरसारख्या वस्तूंवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं. ज्यांचा सगळा डोलारा त्यावर उभा होता, त्यांचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आलं. मार्च २०२४मध्ये गूगलने केवळ शोधयादीत वर येण्यासाठी घाऊक लेख पाडणाऱ्या संकेतस्थळांविरुद्ध नियम कडक केले. त्याच वर्षी ऑगस्टपासून भारतातही अनेक प्रश्नांची उत्तरं एआयने तयार करून शोधपानाच्या माथ्यावर येऊ लागली, त्यामुळे खालच्या दुव्यावर जाण्याचं कारणच कमी झालं. ‘रोज दोन लेख टाका’ हा सल्ला आजही जसाच्या तसा ऐकवला जातो, तो कोणत्या साली दिला गेला होता हे तपासा.

गैरसमज : तज्ज्ञाने सुचवलेली सेवा निःपक्षपणे सुचवलेली असते.

शिफारस करण्यात स्वतःचा आर्थिक लाभ असेल, तर तो स्पष्टपणे सांगणं भारतात बंधनकारक आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी त्याची मार्गदर्शिकाही काढली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसंच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘हेच होस्टिंग घ्या’ म्हणणाऱ्या व्हिडिओखालच्या दुव्यावर कमिशन आहे की नाही, हे जो सांगत नाही त्याचा बाकीचा सल्लाही सावधपणे घ्यावा.

कोर्सची फी भरण्याआधी त्या तज्ज्ञाला एक प्रश्न जरूर विचारा : ब्लॉगिंग आणि ऑनलाइन कमाई हे विषय सोडून तुमचा दुसरा कोणता ब्लॉग पैसे मिळवतो? त्याचा पत्ता मागा, तिथले लेख वाचा. पत्ता मिळाला नाही, तर फी भरू नका.